पेंडा (मर्सियाचा राजा)

पेंडा (जन्मवर्ष अनिश्चित, मृत्यू : १५ नोव्हेंबर, इ.स. ६५५) हा मर्सिया या अँग्लो-सॅक्सन राज्याचा सातव्या शतकातील राजा होता. आजच्या इंग्लंडच्या मध्यभागी, ट्रेंट नदीच्या खोऱ्यात वसलेले हे राज्य त्याच्या कारकिर्दीत दुय्यम स्थानावरून हंबर नदीच्या दक्षिणेकडील सर्वांत प्रबळ सत्तेच्या स्थानापर्यंत पोहोचले. शेजारची राज्ये एकामागून एक ख्रिस्ती धर्म स्वीकारत असताना पेंडा अखेरपर्यंत आपल्या पूर्वजांच्या जर्मानिक धर्मातच राहिला. नॉर्थंब्रियाचे एडविन व ओस्वाल्ड, ईस्ट अँग्लियाचे सिगेबर्ट, एग्रिक व आन्ना असे पाच राजे त्याच्याशी झालेल्या लढायांत मारले गेले. विनवेडच्या लढाईत नॉर्थंब्रियाचा राजा ओस्विउ याच्याकडून पराभूत होऊन तो स्वतःही रणांगणावर पडला.

पेंडाचा उल्लेख पुष्कळदा 'इंग्लंडमधील अखेरचा प्रबळ अख्रिस्ती राजा' असा केला जातो. तो अगदी अखेरचा अख्रिस्ती राजा मात्र नव्हता. त्याच्यानंतर सुमारे तीस वर्षांनी, इ.स. ६८६ मध्ये मारला गेलेला आइल ऑफ वाइटचा राजा अर्वाल्ड हा अख्रिस्तीच होता. पेंडाच्या युद्धांना जुन्या व नव्या धर्मांतील संघर्षाचे रूप नंतरच्या लेखनात मिळाले. त्याचे मित्र, शत्रू व नातेसंबंध पाहता मर्सियाने नॉर्थंब्रियाचे मांडलिकत्व पत्करावे की नाही, हा त्या संघर्षाचा मूळ प्रश्न असल्याचे दिसते.

ऐतिहासिक साधने

पेंडाच्या काळात मर्सियात लिहिला गेलेला एकही ग्रंथ उपलब्ध नाही. त्याच्याविषयीची बहुतेक माहिती त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रदेशातून व त्याच्या मृत्यूनंतर लिहिल्या गेलेल्या साधनांतून मिळते.

यांतील सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे बीड या मठवासी इतिहासकाराने इ.स. ७३१ मध्ये पूर्ण केलेला इंग्लिश लोकांचा धार्मिक इतिहास. बीड हा नॉर्थंब्रियातील जॅरो येथील मठात राहत असे. पेंडाच्या मृत्यूनंतर सुमारे अठरा वर्षांनी त्याचा जन्म झाला. पेंडाने मारलेले एडविन व ओस्वाल्ड हे दोन्ही राजे बीडच्या दृष्टीने आदर्श ख्रिस्ती राजे होते. हंबरच्या दक्षिणेकडील राज्यांवर अधिसत्ता गाजवणाऱ्या सात राजांची यादी त्याने दिली आहे. तीत एडविन, ओस्वाल्ड व ओस्विउ हे तीन नॉर्थंब्रियन राजे आहेत. यांपैकी दोघांना युद्धात संपवणाऱ्या पेंडाचे नाव मात्र त्या यादीत नाही.

दुसरे साधन म्हणजे नवव्या शतकाच्या अखेरीस वेसेक्समध्ये संकलित झालेली अँग्लो-सॅक्सन बखर. तिसरे, 'हिस्टोरिया ब्रिटोनम' हा नवव्या शतकात वेल्समध्ये रचलेला लॅटिन ग्रंथ; त्यात ब्रिटन, म्हणजे आजच्या वेल्श लोकांचे पूर्वज, यांच्या परंपरा नोंदवल्या आहेत. याखेरीज वेल्श वार्षिक नोंदी, वेल्श विलापिका व संतचरित्रे यांतूनही काही तपशील मिळतात. या साधनांमधील कालगणना सर्वत्र जुळत नसल्याने पेंडाच्या कारकिर्दीतील बऱ्याच घटनांच्या वर्षांबाबत एक-दोन वर्षांचा मतभेद आढळतो.

पार्श्वभूमी

सातव्या शतकाच्या आरंभी इंग्लंड हे एकसंध राज्य नव्हते. पाचव्या शतकापासून युरोपच्या उत्तर किनाऱ्यावरून आलेल्या अँगल, सॅक्सन व ज्यूट लोकांची लहानमोठी राज्ये तेथे निर्माण झाली होती. दक्षिणेस केंट, ससेक्स व वेसेक्स, पूर्वेस एसेक्स व ईस्ट अँग्लिया, मध्यभागी मर्सिया आणि हंबर नदीच्या उत्तरेस बर्निशिया व डेइरा ही त्यांतील प्रमुख राज्ये होत. बर्निशिया व डेइरा एका राजाच्या सत्तेखाली आली की त्यांच्या संयुक्त राज्यास नॉर्थंब्रिया म्हणत. पश्चिमेकडील ग्विनेड, पॉविस इत्यादी राज्ये ब्रिटन लोकांच्या ताब्यात होती. ब्रिटन लोक ख्रिस्ती होते, तर अँग्लो-सॅक्सन लोक आपल्याबरोबर आणलेल्या वोडेन, थुनोर, टिव इत्यादी देवतांची उपासना करीत. इंग्रजीतील बुधवारचे नाव याच वोडेन देवतेवरून पडले आहे.

इ.स. ५९७ मध्ये रोमहून आलेल्या ऑगस्टिनच्या धर्ममंडळाने केंटमध्ये कार्य सुरू केले. त्यानंतर राजघराण्यांच्या धर्मांतराचा क्रम सुरू झाला. राजाचा बाप्तिस्मा ही त्या काळी केवळ वैयक्तिक श्रद्धेची बाब नव्हती. ज्या राजाच्या दरबारातून धर्मप्रसारक येत, त्या राजाचे वडीलपणही धर्मांतराबरोबर मान्य केल्यासारखे होई.

'मर्सिया' या नावाचा मूळ अर्थ 'सीमेवरचे लोक' असा आहे. ही सीमा बहुधा पश्चिमेकडील ब्रिटन लोकांच्या मुलखाची असावी. चारही बाजूंनी इतर राज्यांनी वेढलेल्या मर्सियाला समुद्राचे वा डोंगररांगांचे नैसर्गिक संरक्षण फारसे नव्हते. पेंडाच्या पूर्वी या राज्याची स्थिती दुय्यम होती. एडविनने नॉर्थंब्रियाची गादी मिळवल्यानंतर (इ.स. ६१६) आपली अधिसत्ता हंबरच्या दक्षिणेपर्यंत वाढवली. इ.स. ६२७ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला.

वंश व राज्यारोहण

पेंडा हा पिब्बा याचा मुलगा होता. मर्सियाच्या राजवंशाची परंपरा आइसेल नावाच्या पूर्वजाशी व त्याच्याही मागे वोडेन या देवतेशी जोडली जाते. 'पेंडा' या नावाची व्युत्पत्ती अनिश्चित आहे. ते मूळचे ब्रिटन लोकांच्या भाषेतील असावे, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे.

पेंडा गादीवर केव्हा आला, याविषयी तीन साधने तीन वेगवेगळी उत्तरे देतात. अँग्लो-सॅक्सन बखरीनुसार तो इ.स. ६२६ मध्ये राजा झाला व त्याने तीस वर्षे राज्य केले. बीडच्या मते इ.स. ६३३ च्या हॅटफिल्डच्या लढाईपासून पुढे बावीस वर्षे, कमीअधिक यशाने, त्याची सत्ता चालली. 'हिस्टोरिया ब्रिटोनम' त्याला केवळ दहा वर्षांची कारकीर्द देते व मर्सियाला उत्तरेकडील राज्यापासून प्रथम वेगळे करणारा राजा म्हणून त्याचा उल्लेख करते. या तिन्ही नोंदी परस्परविरोधीच असतील असे नाही. पेंडा प्रथम एक पराक्रमी सरदार वा सहशासक, नंतर राजा आणि इ.स. ६४२ नंतर पूर्णतः स्वतंत्र अधिपती, अशा क्रमाने वर चढला असणे शक्य आहे.

बखरीच्या म्हणण्याप्रमाणे राज्यारोहणाच्या वेळी पेंडा पन्नास वर्षांचा होता. हे खरे मानल्यास मृत्युसमयी त्याचे वय ऐंशीच्या घरात जाते. परंतु त्याच्या बहिणीचा विवाह इ.स. ६४० च्या दशकात झालेला होता आणि त्याचा मुलगा वुल्फहेरे इ.स. ६५८ मध्ये अजून कुमारवयीन होता. त्यामुळे पन्नास हे त्याचे मृत्युसमयीचे वय असावे व नोंद करताना त्यात गफलत झाली असावी, असे अनेक अभ्यासकांना वाटते.

सायरेन्सेस्टरची लढाई (इ.स. ६२८)

पेंडाच्या नावाशी निगडित असलेली पहिली लढाई वेसेक्सविरुद्धची आहे. बखरीनुसार इ.स. ६२८ मध्ये वेसेक्सचे राजे किनेगिल्स व क्विचेल्म यांच्याशी पेंडा सायरेन्सेस्टर येथे लढला व त्यानंतर उभय पक्षांत तह झाला. बखर वेसेक्समध्येच लिहिली गेली असल्याने तिने विजेत्याचे नाव न देणे सूचक मानले जाते. सेव्हर्न नदीच्या खालच्या खोऱ्यातील हा सुपीक प्रदेश पुढे मर्सियाच्या प्रभावाखाली गेला. तेथील ह्विके लोकांचे राज्य मर्सियाचे मांडलिक म्हणून ओळखले जाऊ लागले.

एडविनशी संघर्ष : हॅटफिल्डची लढाई (इ.स. ६३३)

एडविनच्या विस्तारामुळे सर्वाधिक दुखावलेला राजा ग्विनेडचा कॅडवॉलॉन हा होता. तो ब्रिटन व ख्रिस्ती होता. एडविनविरुद्ध त्याने अख्रिस्ती पेंडाशी हातमिळवणी केली. १२ ऑक्टोबर, इ.स. ६३३ रोजी (काही अभ्यासकांच्या मते इ.स. ६३२) हॅटफिल्ड चेस येथे या दोघांच्या सैन्याने नॉर्थंब्रियाचा पराभव केला. एडविन व त्याचा मुलगा ओस्फ्रिथ मारले गेले. दुसरा मुलगा एडफ्रिथ याला नाइलाजाने पेंडाच्या स्वाधीन व्हावे लागले.

या मोहिमेचा सूत्रधार कॅडवॉलॉन होता, असे बीडच्या वर्णनावरून दिसते. विजयानंतर कॅडवॉलॉनने सुमारे वर्षभर नॉर्थंब्रियाचा मुलूख उद्ध्वस्त केला. नावाने ख्रिस्ती असूनही तो अख्रिस्ती पेंडापेक्षा अधिक क्रूरपणे वागला, असे बीड म्हणतो. पेंडा बहुधा लढाईनंतर आपल्या राज्यात परतला असावा. पुढील वर्षी हेव्हनफील्डच्या लढाईत बर्निशियाच्या राजघराण्यातील ओस्वाल्डने कॅडवॉलॉनला ठार मारले व नॉर्थंब्रिया पुन्हा एका छत्राखाली आणला.

पेंडाकडे आलेल्या एडफ्रिथला ओस्वाल्डच्या कारकिर्दीत ठार मारण्यात आले. अभयाची शपथ देऊनही पेंडाने हे कृत्य केले, असा बीडचा आरोप आहे. या हत्येमागे राजकीय हिशेब असावा. एडफ्रिथ हा डेइराच्या गादीचा वारस असल्याने ओस्वाल्डला तो नकोसा होता. त्याच वेळी एडफ्रिथची आई ही मर्सियाचा पूर्वीचा राजा केर्ल याची मुलगी असल्याने, आजोबांच्या नात्याने तो मर्सियाच्या गादीवरही हक्क सांगू शकला असता. अशा प्रकारे त्याचे जिवंत असणे दोन्ही राजांना धोक्याचे होते.

ईस्ट अँग्लियावरील पहिली स्वारी

इ.स. ६३५ ते ६४१ च्या दरम्यान केव्हातरी पेंडाने ईस्ट अँग्लियावर स्वारी केली. तेथील पूर्वीचा राजा सिगेबर्ट हा राज्यत्याग करून मठात राहत होता व त्याचा आप्त एग्रिक राज्य करीत होता. सिगेबर्ट पूर्वी नामांकित योद्धा असल्याने त्याच्या उपस्थितीने सैन्यास धीर येईल, या अपेक्षेने लोकांनी त्याला इच्छेविरुद्ध मठातून रणांगणावर आणले. मठवासाच्या व्रतामुळे त्याने शस्त्र हाती घेण्यास नकार दिला आणि केवळ एक काठी घेऊन तो उभा राहिला. या लढाईत सिगेबर्ट व एग्रिक दोघेही मारले गेले व ईस्ट अँग्लियाच्या सैन्याची वाताहत झाली. त्यानंतर आन्ना तेथील राजा झाला. (आन्ना हे येथे पुरुषाचे नाव आहे.)

ओस्वाल्डशी संघर्ष : मेसरफील्डची लढाई (इ.स. ६४२)

ओस्वाल्डने आपल्या निर्वासनाच्या काळात ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. राजा झाल्यावर त्याने स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील आयोना बेटावरील मठातून एडन या धर्मप्रसारकास बोलावले व लिंडिसफार्न बेटावर त्याच्यासाठी मठ स्थापन केला. राजकारणातही तो तितकाच दक्ष होता. इ.स. ६३५ च्या सुमारास वेसेक्सच्या किनेगिल्सने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ओस्वाल्ड त्याचा धर्मपिता झाला व त्याच्याच मुलीशी त्याने विवाह केला. या सोयरिकीमुळे उत्तरेस नॉर्थंब्रिया व दक्षिणेस वेसेक्स अशा दोन मित्रराज्यांच्या कात्रीत मर्सिया सापडला.

५ ऑगस्ट, इ.स. ६४२ रोजी (मतांतराने इ.स. ६४१) मेसरफील्ड येथे पेंडा व ओस्वाल्ड यांची गाठ पडली. हे ठिकाण परंपरेने वेल्सच्या सीमेवरील ओस्वेस्ट्री मानले जाते. तसे असल्यास ओस्वाल्ड आपल्या राज्यापासून फार दूर, शत्रूच्या मुलखात शिरला होता, असे म्हणावे लागते. पॉविसचे ब्रिटन या लढाईत पेंडाच्या बाजूने असावेत, असे वेल्श काव्यपरंपरेवरून दिसते. ओस्वाल्ड मारला गेला. पेंडाच्या आज्ञेवरून त्याचे शिर व हात तोडून खांबांवर टांगण्यात आले. वोडेनला अर्पण केलेला हा बळी असावा, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे; तथापि शत्रूची विटंबना करून दहशत बसवणे एवढाच त्यामागील हेतू असणेही शक्य आहे. वर्षभरानंतर ओस्वाल्डचा भाऊ ओस्विउ याने ते अवशेष तेथून नेले. शिर लिंडिसफार्न येथे पुरण्यात आले व हात बँबरा येथे ठेवण्यात आले. लवकरच ओस्वाल्डला संत म्हणून मान मिळू लागला.

याच लढाईत पेंडाचा भाऊ इओवा हाही मारला गेला. वेल्श साधने त्याला मर्सियाचा राजा म्हणतात. दोघे भाऊ राज्य वाटून घेऊन कारभार करीत असावेत, असा एक तर्क आहे. इओवा हा ओस्वाल्डचा मांडलिक असून त्याच्या बाजूने लढला असावा, असा दुसरा. दुसरा तर्क मान्य केल्यास, मेसरफील्डच्या विजयामुळे पेंडाचा बाहेरचा प्रतिस्पर्धी व घरचा भागीदार असे दोघेही एकाच दिवशी दूर झाले, असा त्याचा अर्थ होतो. 'हिस्टोरिया ब्रिटोनम'मधील दहा वर्षांच्या कारकिर्दीचा हिशेबही मग काही अंशी समजू शकतो.

वर्चस्वाचा काळ (इ.स. ६४२–६५५)

ओस्वाल्डच्या मृत्यूनंतर नॉर्थंब्रियाची पुन्हा दोन शकले झाली. ओस्विउला बर्निशिया मिळाले, तर डेइरात ओस्विन राजा झाला. हे विभाजन मर्सियाच्या पथ्यावर पडले.

दक्षिणेत वेसेक्सचा नवा राजा केनवाल याने पेंडाच्या बहिणीशी विवाह केला होता. तिला टाकून त्याने दुसरी पत्नी केली, तेव्हा इ.स. ६४५ मध्ये पेंडाने त्याला राज्याबाहेर हाकलले. केनवाल तीन वर्षे ईस्ट अँग्लियात आन्नाच्या आश्रयास राहिला व तेथेच त्याने बाप्तिस्मा घेतला. पेंडाच्या शत्रूला थारा देणाऱ्या आन्नाला याची किंमत मोजावी लागली. इ.स. ६५१ च्या सुमारास पेंडाने ईस्ट अँग्लियावर चाल करून त्याला काही काळ परागंदा केले. पुढे इ.स. ६५४ च्या सुमारास आन्ना पेंडाशी लढताना मारला गेला. त्याच्या जागी आलेला भाऊ एथेलहेरे हा पेंडाच्या बाजूला गेला.

उत्तरेत पेंडाने बर्निशियाचा प्रदेश वारंवार लुटला. इ.स. ६५१ पूर्वीच्या एका स्वारीत तो समुद्रकाठच्या बँबरा गढीपर्यंत पोहोचला. गढी हल्ल्याने वा वेढ्याने हाती येईना, तेव्हा त्याने आसपासची खेडी मोडून तुळया, कुडाच्या भिंती व शाकारणीचे गवत यांचा प्रचंड ढीग गढीच्या जमिनीकडील बाजूस रचला व वारा अनुकूल होताच त्याला आग लावली. बीडच्या कथनानुसार, जवळच्या फार्न बेटावरून एडनने हा धूर पाहून प्रार्थना केली. तेव्हा वारा फिरला, ज्वाळा आग लावणाऱ्यांवरच उलटल्या व हल्लेखोरांनी माघार घेतली. कथेतील चमत्काराचा भाग सोडला, तरी ओस्विउच्या राजधानीच्या दारापर्यंत पेंडाचे सैन्य निर्वेधपणे येऊ शकत होते, हे तीवरून स्पष्ट होते.

या काळात पेंडाने थेट जिंकलेल्या मुलखापेक्षा मांडलिक व मित्रराजांच्या जाळ्यावर अधिक भर दिला. मध्य अँगल लोकांच्या प्रदेशावर त्याने आपला मुलगा पिआडा याला नेमले. वेल्श राजांशी असलेले सख्य त्याने अखेरपर्यंत टिकवले.

धर्मविषयक भूमिका

पेंडा स्वतः कोणत्या देवतांची व कशा प्रकारे उपासना करीत असे, याचे वर्णन कोणत्याही साधनात नाही. ख्रिस्ती धर्माशी असलेले त्याचे वर्तन मात्र एका प्रसंगावरून समजते.

पिआडाने ओस्विउची मुलगी आल्हफ्लेड हिला मागणी घातली. बाप्तिस्मा घेतल्याशिवाय विवाह होणार नाही, अशी अट ओस्विउने घातली. त्यापूर्वीच ओस्विउचा मुलगा आल्हफ्रिथ याचा विवाह पेंडाची मुलगी किनेबुर्ग हिच्याशी झालेला होता व या मेहुण्याने पिआडाचे मन वळवले. अशा रीतीने दोन वैरी घराण्यांत साटेलोटे झाले. इ.स. ६५३ मध्ये बिशप फिनन याने पिआडाला बाप्तिस्मा दिला. परतताना त्याने सेड, आड्डा, बेट्टी व डिउमा या चार धर्मगुरूंना आपल्याबरोबर आणले.

पेंडाने मुलाच्या धर्मांतरास विरोध केल्याची नोंद नाही. उलट, ज्यांना ऐकायचे असेल त्यांच्यासाठी मर्सियातही या धर्माचा प्रचार करण्यास त्याने मनाई केली नाही, असे खुद्द बीडनेच लिहिले आहे. नवा धर्म स्वीकारूनही त्याप्रमाणे न वागणाऱ्यांचा मात्र पेंडा तिरस्कार करी. ज्या देवावर श्रद्धा ठेवली त्याचीच आज्ञा न पाळणारी माणसे त्याला हीन वाटत. प्रतिपक्षाच्या लेखकाने दिलेली ही साक्ष असल्याने तिला विशेष महत्त्व दिले जाते.

पेंडाच्या मित्र-शत्रूंची विभागणीही धर्मानुसार झालेली नव्हती. कॅडवॉलॉन, पॉविसचे ब्रिटन व एथेलहेरे हे त्याचे ख्रिस्ती सहकारी होते. वेसेक्सविरुद्ध तो प्रथम लढला, तेव्हा वेसेक्सचे राजे अजून अख्रिस्ती होते आणि केनवालला हाकलताना तोही बाप्तिस्मा न घेतलेलाच होता.

विनवेडची लढाई व मृत्यू (इ.स. ६५५)

इ.स. ६५१ मध्ये ओस्विउने डेइराचा राजा ओस्विन याची हत्या करवली. परंतु डेइराच्या गादीवर आलेला ओस्वाल्डचा मुलगा ओथेलवाल्ड आपल्या चुलत्याऐवजी पेंडाकडे झुकला. ओस्विउचा दुसरा मुलगा एग्फ्रिथ हा मर्सियात राणी किनेविसे हिच्याजवळ ओलीस होता. इतके असूनही इ.स. ६५५ मध्ये पेंडाने ओस्विउविरुद्ध मोठी मोहीम काढली. त्याच्या सैन्यात राजवंशीय दर्जाचे तीस सेनानी होते, असे बीड सांगतो. एथेलहेरे, ओथेलवाल्ड व ग्विनेडचा राजा कॅडफाएल हे त्यांत होते.

युद्ध टाळण्यासाठी ओस्विउने अपार संपत्ती देऊ केली. पुढे काय झाले, याविषयी साधनांत एकवाक्यता नाही. बीडच्या मते पेंडाने ती खंडणी नाकारली, कारण नॉर्थंब्रियाच्या लोकांचा लहानथोरांसह समूळ उच्छेद करण्याचा त्याचा निश्चय होता. 'हिस्टोरिया ब्रिटोनम'नुसार, उत्तरेकडील इउडेउ या ठिकाणी कोंडीत सापडलेल्या ओस्विउने ती संपत्ती दिली व पेंडाने ती ब्रिटन राजांमध्ये वाटली. हे ठिकाण आजचे स्टर्लिंग असावे, असे काहींचे मत आहे. दुसरी कथा खरी असल्यास पेंडाचे सैन्य खंडणी घेऊन परतत असताना ओस्विउने त्याला गाठले, असा निष्कर्ष निघतो. लढाई उत्तरेकडे न होता आजच्या लीड्सच्या परिसरात, म्हणजे मर्सियाकडे परतण्याच्या वाटेवर का झाली, याचा उलगडा त्यामुळे होतो.

लढाईपूर्वी ओस्विउने नवस केला : विजय मिळाल्यास आपली मुलगी एल्फ्लेड धर्मकार्यास वाहीन व मठांसाठी बारा जमिनी दान देईन. एल्फ्लेड त्या वेळी जेमतेम एक वर्षाची होती. १५ नोव्हेंबर, इ.स. ६५५ रोजी विनवेड नदीकाठी ओस्विउ व आल्हफ्रिथ यांच्या लहानशा सैन्याने पेंडाला तोंड दिले. म्हणजे आल्हफ्रिथ या दिवशी आपल्या सासऱ्याविरुद्ध लढत होता.

ऐन वेळी पेंडाची आघाडी फुटली. कॅडफाएल आदल्या रात्रीच आपले सैन्य घेऊन निघून गेला. वेल्श परंपरेत त्याला यावरून 'रण टाळणारा' अशा अर्थाचे उपनाव मिळाले. ओथेलवाल्ड रणांगणाबाहेर सुरक्षित जागी उभा राहून निकालाची वाट पाहू लागला. अतिवृष्टीने नदीला पूर आला होता. तलवारीने जितके मेले, त्याहून अधिक लोक पळताना बुडून मेले, असे बीडने लिहिले आहे. पेंडा, एथेलहेरे व बहुतेक सेनानी मारले गेले. पेंडाचा शिरच्छेद झाल्याचे सांगितले जाते. मात्र बीडच्या लॅटिन मजकुरातील ते शब्द आलंकारिक असण्याचीही शक्यता आहे. विनवेड नदी नेमकी कोणती, हे निश्चित झालेले नाही. वेंट नदी व कॉक ओढा ही नावे सुचवण्यात आली आहेत.

परिणाम व वारस

विजयानंतर ओस्विउने नवस फेडला. सहा डेइरात व सहा बर्निशियात अशा प्रत्येकी दहा कुटुंबांच्या निर्वाहाइतक्या बारा जमिनी त्याने दान दिल्या. मर्सिया त्याच्या ताब्यात आला. ट्रेंट नदीच्या दक्षिणेकडील ५,००० कुटुंबांचा प्रदेश त्याने जावई पिआडाकडे ठेवला. नदीच्या उत्तरेस ७,००० कुटुंबांचा प्रदेश होता. इ.स. ६५६ च्या वसंतात, ईस्टरच्या सणात, पिआडाचा खून झाला व त्यात त्याच्या पत्नीचाच हात असल्याचे बोलले गेले.

ही परसत्ता तीन वर्षेच टिकली. इ.स. ६५८ मध्ये इमिन, एआफा व एडबर्ट या तीन मर्सियन सरदारांनी बंड केले, ओस्विउचे अधिकारी हाकलून लावले आणि तोवर लपवून ठेवलेल्या वुल्फहेरे या पेंडाच्या मुलाला गादीवर बसवले. वुल्फहेरे ख्रिस्ती होता, पण नॉर्थंब्रियाचे वर्चस्व त्याने मानले नाही. मर्सियाने ओस्विउकडून आलेला धर्म ठेवला व त्याची सत्ता झुगारली. वुल्फहेरेने इ.स. ६७५ पर्यंत राज्य केले व दक्षिण इंग्लंडात मर्सियाचा प्रभाव पुन्हा प्रस्थापित केला.

त्याच्यानंतर आलेला भाऊ एथेलरेड (कारकीर्द इ.स. ६७५–७०४) याने इ.स. ६७९ मध्ये ट्रेंट नदीकाठच्या लढाईत नॉर्थंब्रियाचा राजा एग्फ्रिथ, म्हणजे एकेकाळी मर्सियात ओलीस असलेला राजपुत्र, याच्यावर मात केली. आर्चबिशप थिओडोर याच्या मध्यस्थीने तह झाला. एथेलरेडची पत्नी ओस्थ्रिथ ही ओस्विउची मुलगी व ओस्वाल्डची पुतणी होती. तिने आपल्या चुलत्याच्या अस्थी लिंडसी प्रांतातील बार्डनीच्या मठात आणवल्या. ओस्वाल्डने परका राजा म्हणून आपल्या प्रांतावर राज्य केले होते, या जुन्या रागापोटी मठवासीयांनी प्रथम त्या आत घेतल्या नाहीत व अस्थींची गाडी रात्रभर बाहेर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी त्या सन्मानपूर्वक स्वीकारण्यात आल्या. रात्री गाडीवर दिसलेल्या प्रकाशस्तंभामुळे त्यांचे मन पालटले, असे बीड सांगतो. इ.स. ६९७ मध्ये मर्सियाच्या सरदारांनी ओस्थ्रिथची हत्या केली. पुढे एथेलरेडने राज्यत्याग केला व तो त्याच बार्डनी मठाचा मठाधिपती झाला. पेंडाने ज्याचे अवयव खांबांवर टांगले होते, त्या ओस्वाल्डचे समाधिस्थान अशा प्रकारे पेंडाच्या मुलाच्या देखरेखीखाली आले.

पेंडाच्या किनेबुर्ग व किनेस्विथ या मुलींना ख्रिस्ती परंपरेत संतपद मिळाले. त्याचा नातू केनरेड हा इ.स. ७०९ मध्ये राज्य सोडून रोमला गेला. दुसरा नातू केओलरेड इ.स. ७१६ मध्ये मरण पावल्यावर पेंडाच्या वंशाकडील राज्य संपुष्टात आले. त्यानंतरचे एथेलबाल्ड व ऑफा हे मर्सियाचे बलाढ्य राजे पेंडाचा भाऊ इओवा याच्या वंशातील होते.

मूल्यमापन

पेंडाने कायदेसंहिता, नाणी वा शिलालेख मागे ठेवले नाहीत. त्याची सत्ता विजय, लूट व लुटीचे वाटप यांवर आणि अनुयायांच्या वैयक्तिक निष्ठेवर उभी होती. त्या काळातील इतर राजांची सत्ताही बहुतांशी अशीच होती. या व्यवस्थेतील कमकुवतपणा विनवेडच्या काठी उघड झाला. यशाच्या आशेने एकत्र आलेले मित्र संकटाची चाहूल लागताच दूर झाले.

तरीही त्याच्या कारकिर्दीचा परिणाम त्याच्या मृत्यूने पुसला गेला नाही. एडविन व ओस्वाल्ड यांच्या काळात हंबरच्या दक्षिणेकडे पसरू पाहणारी नॉर्थंब्रियाची अधिसत्ता त्याने दोनदा मोडली. विनवेडनंतर ओस्विउने ती पुन्हा मिळवली, पण ती तीन वर्षांत सरदारांच्या बंडाने संपली. पेंडाच्या काळात मर्सियन सरदारवर्गाला स्वतंत्र राज्याची जी सवय लागली होती, तिचे हे फळ मानता येईल. आठव्या शतकातील मर्सियाच्या वर्चस्वाचा पाया त्याच्याच काळात घातला गेला.

लोकस्मृती

इंग्लंडमधील वुस्टर कॅथेड्रलच्या एका रंगीत काचेच्या खिडकीत पेंडाच्या मृत्यूचा प्रसंग चित्रित केला आहे. इ.स. १९७४ मध्ये बीबीसीने प्रसारित केलेल्या 'पेंडाज फेन' या दूरचित्रपटात, राष्ट्र व परंपरा यांविषयीच्या प्रचलित कल्पनांना छेद देणारे प्रतीक म्हणून पेंडाची व्यक्तिरेखा येते. डेव्हिड रडकिन हे त्याचे लेखक व ॲलन क्लार्क हे दिग्दर्शक होते.

इ.स. २००९ मध्ये स्टॅफर्डशायर परगण्यातील हॅमरविच गावाजवळ अँग्लो-सॅक्सन काळातील मोठा सुवर्णसाठा सापडला. त्यात चार किलोग्रॅमहून अधिक सोने असून तलवारींच्या मुठींची सजावट व दुमडलेला ख्रिस्ती क्रूस यांसारख्या वस्तू आहेत. हा साठा सातव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, मर्सियाच्या ऐन मुलखात पुरला गेला असल्याने त्याचा संबंध पेंडाच्या युद्धांतील लुटीशी जोडण्याचा मोह अनेकांना झाला. तसा थेट पुरावा मात्र उपलब्ध नाही. हा साठा बर्मिंगहॅम व स्टोक-ऑन-ट्रेंट येथील संग्रहालयांत ठेवण्यात आला आहे.